उत्पत्तीतले ते वचन: पुरावा की आशा?

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, एक न्यायनिवाडा आहे. मना केलेले फळ खाऊन झाले आहे, आदाम आणि हव्वा झाडांआड लपली आहेत आणि देव एकेकाला जाब विचारतो आहे. शिक्षा सुनावण्याची सुरुवात सापापासून होते. त्याला सरपटण्याचा आणि धूळ खाण्याचा शाप मिळतो. मग पंधराव्या वचनात देव त्याला सांगतो, की यापुढे तुझे आणि स्त्रीचे वैर राहील, ते दोघांच्या वंशांत चालत जाईल, आणि त्या झुंजीत घाव तुझ्या डोक्यावर बसेल, तर माणसाची टाच जखमी होईल. एवढेच. पुढच्या वचनात देव हव्वेकडे वळतो आणि हा विषय तिथेच संपतो.

या एका वचनाला ख्रिस्ती परंपरेने ‘पहिले शुभवर्तमान’ मानले. पाप घडले त्याच दिवशी, शिक्षेच्याच शब्दांत, तारणाऱ्याचे अभिवचन मिळाले, असे तिचे म्हणणे. स्त्रीची संतती म्हणजे ख्रिस्त, साप म्हणजे सैतान, टाचेची जखम म्हणजे क्रूस आणि डोक्यावरचा घाव म्हणजे दुष्टाईचा अंत. कॅथोलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात हे वाचन आहे, आणि प्रोटेस्टंट व्यासपीठांवरूनही ते अनेकदा ऐकू येते. मात्र गेल्या सव्वाशे वर्षांत बायबलच्या कित्येक अभ्यासकांनी ते नाकारले आहे, आणि त्यांत श्रद्धावान ख्रिस्तीही आहेत. हा वाद केवळ अभ्यासिकेतला नाही. दुष्टाई एक दिवस संपेल असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्या त्या वाटण्याला आधार कशाचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. म्हणून दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या पाहिजेत.

आधी सरळ अर्थाची बाजू. शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसाला हे वचन समजावून सांगावे लागत नाही. बांधावरून चालताना पाय सापावर पडतो आणि साप डसतो तो घोट्याला नाहीतर टाचेला, कारण जमिनीवरून त्याचे तोंड तिथेच पोचते. माणूस काठी घालतो ती डोक्यावर, कारण शेपूट ठेचून साप मरत नाही. प्राचीन इस्राएलातल्या डोंगरउतारावरचा शेतकरीही याच अनुभवातला होता. हर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने 1901 च्या आपल्या भाष्यात उत्पत्तीतल्या अशा कथांकडे ‘हे असे का?’ या प्रश्नाची उत्तरे म्हणून पाहिले. साप सरपटतो का, बाळंतपणात वेदना का, घाम गाळल्याशिवाय जमीन पिकत नाही ती का. त्या मांडणीत पंधरावे वचनही अशाच एका प्रश्नाचे उत्तर ठरते: माणसाला आणि सापाला एकमेकांची एवढी धास्ती का. पुढे क्लाउस वेस्टरमान या दुसऱ्या जर्मन अभ्यासकाने याच दिशेने सांगितले, की हा शिक्षेचा मजकूर आहे आणि शिक्षेच्या मजकुरात अभिवचन शोधणे त्याच्या घडणीला धरून नाही.

या बाजूचे बळ एवढ्यावर थांबत नाही. अध्यायात सैतानाचे नावही नाही. देवाने घडवलेल्या वन्य प्राण्यांत सर्वांत धूर्त, एवढीच सापाची ओळख. मूळ हिब्रूत दोन्ही घावांसाठी क्रियापद एकच असल्याने जिंकणार कोण हे मजकूर उघडपणे सांगत नाही. संदेष्ट्यांपैकी कोणीही या वचनाकडे बोट दाखवून मसीहाची वाट पाहिलेली नाही. आणि सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की येशूच्या जीवनातल्या लहानसहान घटनांनाही जुन्या शास्त्रातला आधार देणाऱ्या शुभवर्तमानकारांपैकी एकानेही हे वचन येशूमध्ये पूर्ण झाले असे लिहिलेले नाही.

तथापि, परंपरेने हा अर्थ हवेतून काढला असे म्हणणे अन्यायाचे होईल. चर्चने तो घडवण्याआधीपासून आणि चर्चच्या बाहेरही या कथेत साध्या सापापेक्षा मोठे काही पाहिले गेले. शलमोनाच्या नावाने असलेल्या ग्रीक ज्ञानग्रंथात, जो ज्यू लेखकाचा आहे, मरण जगात आले ते सैतानाच्या मत्सराने असे सुचवलेले आहे. त्याहून लक्षणीय आहेत ती तर्गूम नावाने ओळखली जाणारी अरामी भाषांतरे. सभास्थानातल्या ज्यू श्रोत्यांना हिब्रू शास्त्र त्यांच्या बोलीत उलगडून सांगणारी ती परंपरा. पॅलेस्टाइनमधल्या तर्गूमांत या वचनाचा विस्तार असा आहे: स्त्रीची लेकरे नियमशास्त्र पाळतील तेव्हा ती सापाचे डोके ठेचतील, ते सोडतील तेव्हा साप त्यांची टाच धरील, पण त्यांच्या जखमेला उपाय आहे, सापाच्या जखमेला नाही, आणि शेवटी राजा मसीहाच्या दिवसांत शांती होईल. म्हणजे या वचनाला मसीहाच्या आशेशी जोडणे ज्यू मनालाही परके नव्हते. तर्गूमातला मसीहा नाझरेथचा येशू नव्हे, हे अर्थात खरे. त्याचबरोबर, इथे झुंज एकट्या मसीहाची नाही, ती साऱ्या लेकरांची आहे आणि त्यांच्या रोजच्या आचरणावर अवलंबून आहे.

परंपरेच्या बाजूने दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. दुसऱ्या शतकात मार्कियन आणि त्याच्यासारखे इतर शिक्षक सांगत होते, की हे जग घडवणारा देव वेगळा आणि येशूने प्रकट केलेला प्रेमळ देव वेगळा. जग मुळातच नासलेले, तेव्हा तारण म्हणजे त्यातून सुटका. सुमारे 180 मध्ये लिऑनचा बिशप इरेनियस याने त्याविरुद्ध लेखणी उचलली. त्याच्या दृष्टीने ज्याने आदामाला मातीतून घडवले त्यानेच सापाला शाप दिला आणि त्यानेच मारियेच्या पोटी जन्मलेल्या मानवाच्या रूपाने ती हरलेली झुंज पुन्हा लढून जिंकली. आदामाने जिथे आज्ञा मोडली तिथे ख्रिस्ताने पाळली, हव्वेने जिथे गाठ मारली तिथे मारियेने ती सोडवली. या मांडणीत उत्पत्तीच्या वचनाला फार मोठे काम आहे. दुष्टाई देवाच्या तोडीची शक्ती नाही, तिला सुरुवात आहे, आणि जिने सुरुवात पाहिली त्या सृष्टीतच तिचा शेवटही होणार आहे. शरीर, माती, बाळंतपण, शेत यांपैकी काहीच टाकाऊ नाही. इरेनियसचे हे वाचन व्याकरणाच्या कसोटीवर उतरते का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याने त्यातून जे वाचवले ते ख्रिस्ती श्रद्धेसाठी अमोल होते.

व्याकरणाची कसोटी लावली तर ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही असे दिसते. ‘संतती’ हा शब्द एकाला लागू होतो तसा अनेकांनाही. प्रोटेस्टंट सुधारकांपैकी ल्यूथरला त्यात थेट ख्रिस्त दिसला. कॅल्विनने मात्र आपल्या भाष्यात स्त्रीची संतती म्हणजे सर्वसाधारणपणे मानवजात असा अर्थ घेतला, आणि त्या मानवजातीचा मस्तक म्हणून ख्रिस्ताला विजयाच्या अग्रभागी ठेवले. पाश्चात्त्य चर्चच्या लॅटिन बायबलमध्ये डोके ठेचणारी व्यक्ती स्त्रीलिंगी झाली, आणि त्यातून मारियेच्या पायाखाली साप असलेली ती मूर्ती घडली, जी आजही अनेक कॅथोलिक चर्चमध्ये दिसते. 1979 च्या सुधारित लॅटिन आवृत्तीत कॅथोलिक चर्चने स्वतःच तो शब्द बदलला, मारियेचा सन्मान मात्र कायम ठेवला. एकाच वचनातून तीन अर्थ निघत असताना त्यातला आपलाच अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात होता असा आग्रह धरणे अवघड आहे.

येथवर वाद अर्थाचा आहे. तो अधिक कठीण होतो तेव्हा, जेव्हा अशा वचनांचा वापर पुराव्यासारखा केला जातो आणि समोर बसलेल्याकडून कबुली मागितली जाते. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने ट्रायफो नावाच्या ज्यू गृहस्थाशी संवाद लिहिला तेव्हा दोघेही तुल्यबळ होते. राज्यसत्ता दोघांपैकी कोणाचीच नव्हती. 1263 मध्ये बार्सिलोनात अरागॉनच्या राजासमोर जो वाद झाला त्यात तशी बरोबरी उरली नव्हती. मसीहा येऊन गेला आहे हे ज्यू ग्रंथांतूनच सिद्ध करायचे, असा ख्रिस्ती बाजूचा पवित्रा होता, आणि उत्तर द्यायला मोशे बेन नाखमान हे वृद्ध रब्बी होते. राजाने त्यांना बोलण्याची मोकळीक दिली आणि त्यांनी ती वापरली. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा होता, की संदेष्ट्यांनी मसीहाच्या काळी शांती सांगितली आहे, आणि येशूच्या दिवसांपासून आजतागायत जग लुटीने आणि हिंसेने भरलेले आहे. काही वर्षांतच त्यांना देश सोडावा लागला. 1267 मध्ये ते यरुशलेमला पोचले.

आपल्या भाषेतही या गोष्टीच्या दोन्ही बाजू घडून गेल्या आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूर येथे छापले गेले. त्याचे पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा सांगते आणि दुसरे त्याच्या जीवनाची. ओवीच्या चालीत, श्रोत्यांच्या शंका घेत, स्टीफन्स आदामापासूनची आशा उलगडत नेतात. कथा म्हणून ती अजूनही वाचकाला धरून ठेवते. दुसरीकडे, ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांच्याकडून त्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती, आणि गोव्याच्या साष्टी भागातली देवळे त्याआधी पाडली गेली होती. स्टीफन्सांची माया आणि पोर्तुगीज सत्तेची जरब एकाच वेळी त्या श्रोत्यांपर्यंत पोचली. ओव्यांचे सौंदर्य मानताना हे विसरता येत नाही, आणि हे आठवताना ओव्यांचे सौंदर्य नाकारताही येत नाही.

मुंबईतली गोष्ट वेगळ्या वळणाची. 1829 मध्ये तिथे आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले आणि त्यांच्या मुलांना हिब्रू शिकवले. जुना करार मुळातून वाचला की त्यातला ख्रिस्त आपोआप दिसेल, ही त्यामागची आशा होती. पण त्या समाजातले फार थोडे ख्रिस्ती झाले. शिकलेल्या हिब्रूचा उपयोग त्यांनी आपल्याच परंपरेची खोली गाठण्यासाठी केला, आणि 1846 मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी अर्थासह मुंबईत छापून निघाली. तेच शास्त्र, तीच भाषा, तेच शिक्षक, आणि वाचणाऱ्याला वचनांत ख्रिस्त दिसला नाही. त्याला अप्रामाणिक किंवा आंधळे म्हणण्याचे काहीही कारण नाही. जर मजकूर स्वतःच निर्विवाद पुरावा असता, तर असे घडले नसते.

परंपरेचा अभिमानी वाचक इथे विचारील, आणि त्याचे विचारणे योग्यच आहे: मग ती भविष्यवाणी कसली? मागाहून लावलेला अर्थ म्हणजे मनाचे समाधान, आणि समाधानावर कोणी आपला जीव ठेवत नाही. या आक्षेपाला माझ्या वाचनातले सर्वांत प्रामाणिक उत्तर कॅथोलिक चर्चच्याच एका दस्तऐवजात आहे. पोपच्या बायबल आयोगाने 2001 मध्ये ज्यू लोक आणि त्यांची शास्त्रे यांविषयी निवेदन काढले. त्याला कार्डिनल रात्सिंगर यांची, म्हणजे पुढच्या पोप सोळाव्या बेनेडिक्टांची, प्रस्तावना आहे. जुन्या करारातल्या भविष्यवाण्यांना पुढच्या घटनांची आधीच काढलेली छायाचित्रे समजणे चूक आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्यू वाचन हे शक्य आणि रास्त वाचन आहे, आणि ख्रिस्ती वाचक ख्रिस्ताच्या प्रकाशात मागे वळून पाहतो तेव्हा त्याला त्याच शब्दांत अधिक अर्थ दिसतो, असा त्याचा आशय आहे. मागे वळून पाहिलेला अर्थ खोटा असतोच असे नाही. तर्गूमाने तेच केले होते. यशया संदेष्ट्याच्या शिष्यांनीही गुरूच्या शब्दांबाबत तेच केले असावे. फक्त तो अर्थ न मानणाऱ्याला दोषी ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

पण नाखमानांचा आक्षेप यानेही मिटत नाही, कारण तो वचनाविषयी नव्हताच, जगाविषयी होता. सापाचे डोके ठेचले गेले असेल तर तो अजून डसतो कसा? ख्रिस्ती विचारवंतांपैकी ऑस्कर कुलमान यांनी 1946 मध्ये, महायुद्ध नुकतेच संपलेले असताना, याचे उत्तर त्या युद्धाच्याच भाषेत दिले: निर्णायक लढाई आधी जिंकली जाते, शस्त्रे खाली ठेवण्याचा दिवस नंतर उजाडतो, आणि मधल्या काळातही माणसे मरतात. क्रूस आणि पुनरुत्थान ही ती निर्णायक लढाई. या उत्तरात ताकद आहे; आजचे दुःख ते नाकारत नाही आणि उद्याचा विजयही सोडत नाही. मात्र तो मधला काळ दोन हजार वर्षांचा झाला आहे आणि त्यात ख्रिस्ती म्हणवणाऱ्या युरोपच्या मध्यभागी साठ लाख ज्यूंचा संहार झाला आहे. त्यानंतर ‘अजून थोडे थांबा’ हे शब्द उच्चारताना जीभ जड व्हायला हवी. युर्गेन मोल्टमान यांची तशी झाली होती. युद्धकैदी म्हणून छावणीत श्रद्धा सापडलेल्या या जर्मन तरुणाने 1964 मध्ये आशेचे ईश्वरविज्ञान लिहिले, आणि पुढे जग अजून उद्धारलेले नाही या ज्यू म्हणण्याला त्याने ख्रिस्ती विचारात मानाने जागा दिली.

इथे यशयाकडे वळावेसे वाटते, कारण त्याच्याकडे सापाविषयी वेगळेच काही आहे. अकराव्या अध्यायात, इशायाच्या बुंध्यातून फुटणाऱ्या कोंबाचे, म्हणजे येणाऱ्या न्यायी राजाचे, वर्णन करताना तो लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील असे सांगतो, आणि मग एक तान्हे मूल नागाच्या बिळाशी खेळताना दाखवतो. त्या चित्रात कोणी काठी उगारलेली नाही. कोणाचे डोके ठेचलेले नाही. एदेनेत सुरू झालेले वैरच तिथे संपलेले आहे. याउलट पासष्टाव्या अध्यायात हेच चित्र पुन्हा येते तेव्हा सापाचे अन्न धूळच राहील असे तो म्हणतो. शाप तसाच आहे. म्हणजे एकाच नावाच्या पुस्तकात आशेची दोन रूपे आहेत, एकात दुष्टाईचा पराभव आणि दुसऱ्यात वैराचाच शेवट. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये 1918 पासून नाताळच्या आदल्या दिवशी नऊ वाचनांची जी उपासना होते, तिच्यात पहिले वाचन एदेनेतल्या निवाड्याचे आणि चौथे यशयाच्या त्या मुलाचे आहे. क्रम लावणाऱ्यांच्या मनात काहीही असो, ऐकणाऱ्याला दोन्ही आशा एकाच उपासनेत मिळतात.

कोणती निवडावी? अन्याय सोसणाऱ्याला पहिली हवी असते, आणि तिला कमी लेखणे सुखवस्तू माणसाला शोभत नाही. ज्याच्या गळ्यावर पाय आहे त्याला तो पाय हटायला हवा. सलोख्याची भाषा नंतरची. तथापि, पहिल्या आशेचा धोका इतिहासाने दाखवला आहे: सापाची संतती म्हणून समोरच्या माणसांकडे बोट दाखवणे फार सोपे असते, आणि ते बोट ज्यूंकडे वारंवार गेले. दुसऱ्या आशेचा धोका उलटा आहे. ती ऐकताना दुष्टाई हा जणू गैरसमज आहे आणि प्रेमाने बसून बोलले की संपेल असे वाटू लागते.

हे सारे तोलून पाहता माझा कल पुढीलप्रमाणे आहे. उत्पत्तीचे हे वचन ख्रिस्ती माणसाने पहिले शुभवर्तमान म्हणून जरूर वाचावे. ते वाचन जुने आहे, खोल आहे आणि त्याने सृष्टीवरचा विश्वास राखला आहे. पण ते त्याने श्रद्धेच्या आतून, मागे वळून वाचावे, आणि दुसऱ्याला निरुत्तर करण्याचा पुरावा म्हणून वापरणे सोडावे. प्रवचनकाराने व्यासपीठावरून दोन वाक्ये जास्त बोलायला हरकत नाही: की हा अर्थ आम्हाला ख्रिस्तामुळे दिसतो, आणि ज्या ज्यू लोकांकडून हे शास्त्र आम्हाला मिळाले त्यांना तो तसा दिसत नाही. यात काही गमवावे लागते, हे मी कबूल करतो. अंत्यविधीला उभ्या असलेल्या आईला ‘हे जगाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले होते’ या वाक्यात जो आधार मिळतो, तो ‘आम्ही असे वाचतो’ या वाक्यात तितका मिळत नाही. मात्र ख्रिस्ती आशा या वचनावर कधीच उभी नव्हती. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला मरणावरच्या विजयाविषयी लिहितो तेव्हा तो उत्पत्तीच्या शापाचा आधार घेत नाही. तो ख्रिस्त उठला या साक्षीवर सारे ठेवतो आणि ती खोटी असेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे असेही सांगतो. त्या आईला द्यायचा आधार तिथला आहे.

पौलाच्या पत्रांत एदेनेतल्या त्या वचनाचा पडसाद म्हणावा असे एक वाक्य मात्र आहे, रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी. देव लवकरच सैतानाला चिरडील, असे तो तिथे म्हणतो, आणि पाय कोणाचे, तर ‘तुमचे’, अनेकवचनी. साम्राज्याच्या राजधानीत घराघरांतून जमणाऱ्या, ज्यू आणि बिगरज्यू मिळून बनलेल्या आणि जेवणात काय खावे यावरून आपसात कुरबुरणाऱ्या साध्या माणसांना उद्देशून हे लिहिलेले आहे. चिरडणारा देव आहे, हे पौल सोडत नाही. पण तर्गूमातल्या लेकरांप्रमाणे इथेही ती झुंज समूहाच्या पायांनी लढली जाते, आणि त्याच पत्रात थोडे आधी तो त्यांना वाइटाची फेड वाइटाने न करण्याची आणि भुकेल्या शत्रूला जेवू घालण्याची आज्ञा देतो. उत्पत्तीचे ते वचन आज ज्या मंडळीत वाचले जाईल, तिथे ते या आज्ञेसह वाचले जावे.